काचेच्या पेटीतला आंबा

आमच्या सौ. राजापूरच्या. त्यांच्या माहेरी आंबा डोळ्यांनी पाहून नव्हे, तर देठापाशी नाक नेऊन ओळखतात. लग्नाला पन्नास वर्षे उलटून गेली, तरी आंब्याची पेटी उघडण्याचा अधिकार या घरात मला अजून मिळालेला नाही. हे आधी सांगून ठेवतो, कारण २०१३ सालच्या जून महिन्याच्या आरंभी झुरिक शहरातील एका संग्रहालयात, काचेच्या पेटीपुढे उभे राहून त्यांनी जो अभिप्राय दिला, त्याचे वजन वाचकांना कळायला हवे. त्या म्हणाल्या, "हा हापूस नव्हे. आणि हा खायचाही नव्हे. मेणाचा आहे मेला!"

दोन्ही गोष्टी अगदी बरोबर होत्या.

त्या वर्षी मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही उभयता झुरिकला गेलो होतो. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि अळीव यांनी भरलेल्या बॅगा विमानतळावरच्या अधिकाऱ्याने उघडून पाहिल्या आणि काही न बोलता पुन्हा बंद केल्या. नात महिन्याची झाल्यावर जावईबापूंनी आम्हाला एके दिवशी रीटबर्ग संग्रहालयात नेले. मोठे उद्यान, त्यात जुने वाडे, आणि आत पूर्वेकडच्या देशांतील मूर्ती आणि चित्रे. आम्ही नटराज वगैरे बघायच्या तयारीने गेलो होतो. पण तिथे तेव्हा एक निराळेच प्रदर्शन भरले होते. विषय काय, तर माओ त्से-तुंगचे आंबे!

दालनात जिकडे तिकडे आंबाच आंबा. पत्र्याच्या मिनाकाम केलेल्या ताटांवर आंबा, पाणी प्यायच्या मगावर आंबा, रजईच्या कापडावर आंबा, बिल्ल्यावर माओच्या मुखड्याखाली आंब्याची करंडी. आणि मधोमध त्या काचेच्या पेट्या, आत एकेक पिवळाधमक मेणाचा आंबा, गाभाऱ्यात देव बसवावा तसा बसवलेला.

"आंबा चीनमध्ये एवढा होतो का हो?" सौ.नी विचारले.

होतो, दक्षिणेकडे होतो. पण उत्तरेकडच्या पेकिंगमध्ये (आता आपण बीजिंग म्हणतो) १९६८ साली सामान्य माणसाने तो कधी पाहिलेलाही नव्हता. सगळी गंमत तिथेच आहे.

त्या वर्षाच्या ऑगस्ट महिन्यात पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री मियाँ अर्शद हुसेन माओला भेटायला गेले आणि त्यांनी आंब्यांची एक पेटी नजर केली. आपल्याकडे साहेबाच्या घरी पेटी पोचवतात, त्यातलाच प्रकार. माओने ते आंबे स्वतः खाल्ले नाहीत. ५ ऑगस्टला त्याने ते त्सिंगहुआ विद्यापीठात तळ देऊन बसलेल्या कामगारांच्या पथकाकडे पाठवून दिले.

हे कामगार विद्यापीठात काय करत होते, ते समजण्यासाठी दोन वर्षे मागे जायला हवे. १९६६ साली माओने 'सांस्कृतिक क्रांती'चा पुकारा केला आणि शाळा-कॉलेजांतली मुले लाल रक्षक बनून रस्त्यावर उतरली. त्यांनी मास्तरांना मारले, देवळे फोडली, घराघरांत घुसून पुस्तके जाळली. आणि मग आपण माओचे खरे भक्त की ते दुसरे, यावरून एकमेकांशीच लढू लागली. त्सिंगहुआमध्ये तर दोन तटांत अक्षरशः युद्ध चालले होते. ते मोडायला २७ जुलै १९६८ रोजी सुमारे तीस हजार कामगार आत पाठवले गेले. हातात शस्त्र नाही, फक्त माओच्या वचनांचे लाल पुस्तक! मुलांनी त्यांचे स्वागत भाल्यांनी आणि हातबाँबनी केले. पाच कामगार मेले, सातशेहून अधिक जखमी झाले. ज्या मुलांना माओने दोन वर्षे डोक्यावर घेतले होते, त्यांचा उपयोग आता संपला होता. पहाटे त्यांच्या म्होरक्यांना बोलावून त्याने सुनावले, आणि आठवड्याभराने कामगारांकडे आंबे गेले. राजाची मर्जी कोणावरून उठली आणि कोणावर बसली, हे सांगायला फर्मान काढावे लागले नाही. पेटी कोणाकडे गेली, एवढे पाहिले की पुरे.

कामगारांनी त्या रात्री आंबे खाल्ले असतील असे आपल्याला वाटेल. छे! वर्तमानपत्रांनी छापले की, ते रात्रभर जागले. आंब्यांकडे बघत, त्यांना हळूच हात लावत, वास घेत. हे फळ कोणते, हेच बहुतेकांना ठाऊक नव्हते. अध्यक्षांनी स्वतःच्या तोंडचा घास आपल्याला दिला, एवढाच अर्थ त्यांना सांगितला गेला आणि त्यांनी तो घेतला. चिनी माणसाच्या मनात दीर्घायुष्य देणाऱ्या फळांच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या; त्यामुळे न खाता दिलेले फळ म्हणजे स्वतःचे आयुष्यच दिल्यासारखे. प्रचार करणारा माणूस मोठा हुशार असतो. तो नवीन भक्ती निर्माण करत बसत नाही. जुनी भक्ती कुठे वाहते आहे ते पाहतो आणि पाट काढून ती आपल्या शेतात वळवून घेतो.

मग राजधानीतल्या कारखान्यांना एकेक आंबा वाटण्यात आला. पेकिंगच्या कापड गिरणीत त्या आंब्याचे काय झाले, ते माओचा खाजगी डॉक्टर ली झिसुई याने पुढे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. तो त्या दिवसांत तिथे होता. गिरणीच्या समितीने आंब्याला मेणाचा लेप दिला, सभागृहात वेदीसारख्या जागी त्याची स्थापना केली, आणि कामगार रांगेने येऊन त्याला वाकून नमस्कार करू लागले. पण आंब्याला समितीचे ठराव कळत नाहीत. तो आतून नासू लागला. मोठा पेच पडला. टाकायचा तर भयंकर पाप, ठेवायचा तर वास! शेवटी समितीने तो सोलून मोठ्या पातेल्यात पाणी घालून उकळला, आणि एकेका कामगाराला त्या पाण्याचा एकेक चमचा दिला. नंतर तसाच मेणाचा आंबा करून पुन्हा वेदीवर बसवला आणि नमस्कार पुढे चालू राहिले.

हे ऐकून आमच्या सौ. एकदम म्हणाल्या, "अगं बाई, तीर्थच की!"

दुसऱ्या एका कारखान्याने आपला आंबा शांघायच्या भगिनी-कारखान्याला दाखवण्यासाठी खास विमानाने पाठवला. मेणाचे आंबे हजारोंनी तयार झाले. ते काचेच्या पेटीत घालून कामगारांना दिले गेले, मिरवणुकीने प्रांतोप्रांती हिंडवले गेले. पेटी कशी धरायची यालाही नियम होता, दोन्ही हातांनी, छातीपाशी. ढिलाईने धरली म्हणून वडीलधाऱ्यांनी दटावल्याच्या आठवणी लोकांनी पुढे सांगितल्या आहेत. १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाच्या संचलनात आंब्यांचे चित्ररथ निघाले. 'आंबा' नावाच्या सिगारेटी आल्या. आणि डॉक्टरसाहेब लिहितात की, गिरणीतल्या पूजेची हकीकत त्यांनी माओला सांगितली, तेव्हा तो हसला.

मला त्या हसण्याचा फार राग आला. पण विचार करू लागलो, तेव्हा वाटले, की हसणारच. त्याला ही पूजा नवीन नव्हती. तिचे कारखाने त्याच्याच राज्यात रात्रंदिवस चालत होते.

त्याचीही एक कथा आहे. १९५८ साली माओने 'मोठी झेप' घेण्याचे ठरवले. परसात भट्ट्या पेटवून लोखंड काढायचे, शेते सामुदायिक करायची, धान्याचे उत्पन्न कागदावर दुप्पट-चौपट दाखवायचे. त्यातून जो दुष्काळ पडला, त्यात कोट्यवधी माणसे मेली. किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, परंतु बहुतेक जण दीड कोटीच्या खाली येत नाहीत आणि काही साडेचार कोटींपर्यंत जातात. १९६२ च्या आरंभी राजधानीत सात हजार कार्यकर्त्यांची परिषद भरली. तिथे राष्ट्राध्यक्ष लिउ शाओ-ची यांनी चुकांची कबुली देण्याचे धैर्य केले. माओची पत घसरली होती. त्या वेळी सेनापती लिन पिआओ उठला आणि त्याने सांगितले की, अडचणी आल्या त्या अध्यक्षांचे ऐकले नाही म्हणून! ज्याच्या धोरणाने लोक उपाशी मेले, त्याचीच भक्ती कमी पडली, असे निदान त्याने केले. औषध उघडच होते.

सैन्याच्या वर्तमानपत्रात माओचे एकेक वचन रोज छापले जात होते. १९६४ साली त्या वचनांचे छोटे पुस्तक झाले, लाल प्लॅस्टिकच्या वेष्टनाचे, सदऱ्याच्या खिशात मावेल असे. पुढे त्याच्या शंभर कोटींहून अधिक प्रती निघाल्या. बिल्ले तर अब्जांनी निघाले. इतके अल्युमिनियम त्यात गेले, की १९६९ साली खुद्द माओनेच, माझी विमाने मला परत द्या, अशा अर्थाचे उद्गार काढले. १९६६ च्या जुलैमध्ये बहात्तर वर्षांच्या या गृहस्थाने यांगत्से नदीत पोहून दाखवले, पासष्ट मिनिटांत पंधरा किलोमीटर. हा हिशेब जगातल्या कुठल्याही जलतरणपटूला लाजवील. प्रवाह वाहून नेत होता, एवढे सोडले तर! त्या महिन्यानंतर तिएन-आन-मेन चौकात आठ मेळावे झाले आणि एक कोटीहून अधिक पोरे त्याच्या दर्शनासाठी रडत-ओरडत लोटली.

माओ भोळा नव्हता. अमेरिकन पत्रकार एडगर स्नो याला त्याने १९६५ सालीच बोलून दाखवले होते, की ख्रुश्चॉव्ह पडला तो बहुधा त्याची व्यक्तिपूजा होत नव्हती म्हणून.

पण पुस्तके, बिल्ले आणि मेळावे ही वरची सजावट झाली. आज्ञाधारकपणा मुरतो तो रोजच्या बारीकसारीक गोष्टींतून. सकाळी उठून माओच्या तसबिरीपुढे उभे राहून दिवसाच्या आज्ञा मागायच्या, रात्री तिच्यापुढेच दिवसाचा हिशेब द्यायचा. दुकानात जाऊन काही मागायचे, तर आधी एक वचन म्हणायचे; दुकानदार दुसरे वचन म्हणणार; मग भाजी. फोन उचलला तरी तेच. निष्ठेचा एक नाचही होता, आणि तो म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही करावा लागे. आणि रद्दी! वाचकांतल्या गृहिणींना या गोष्टीचे मर्म लगेच कळेल. रोजच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर माओचा फोटो. आता त्या कागदात मासळी बांधायची कशी? त्यावर बसायचे कसे? चूल पेटवायची कशी? चुकून पाय पडला, डाग पडला, घडी नाकावरून पडली, तर शेजारचा पाहत असतो. घरातल्या रद्दीची भीती वाटू लागली, की पोलिसाला दारात उभे करण्याचे कारणच उरत नाही.

आंब्याच्या मिरवणुका चालू असतानाच सेचुआन प्रांतातील एका लहान गावात तो मेणाचा आंबा आला. तिथला दाताचा वैद्य पाहून म्हणाला, यात विशेष ते काय, रताळ्यासारखा तर दिसतो! बस्स, एवढेच. त्याला पकडून ट्रकवरून गावभर हिंडवण्यात आले आणि गोळी घालण्यात आली.

आमच्या सौ. पेटीपुढून हलल्या त्या इथे. "रताळ्यासारखाच दिसतो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मराठी कोणाला समजत नव्हते, तरी आवाज उतरला होता.

त्या रांगेत उभे राहून नमस्कार करणाऱ्या कामगारांचे मनापासून काय मत होते? काहींचे डोळे खरोखरच भरून आले असतील. काहींना आतून हसू येत असेल. तिसरे कोणी घरी भात शिजला असेल का याचा विचार करत असतील. वाकलेली पाठ पाहून हे ओळखता येत नाही, आणि राज्यकर्त्याला ओळखायचेही नसते. त्याला पाठ वाकलेली हवी असते.

हे मी दुसऱ्याची उणीदुणी काढण्यासाठी लिहीत नाही. १९७५ साली आपल्याकडे आणीबाणी आली, तेव्हा मी एका कचेरीत कनिष्ठ कारकून होतो. जुलै महिन्यात वीस कलमी कार्यक्रम जाहीर झाला आणि थोड्याच दिवसांत आमच्या टेबलांवरून एक कागद फिरू लागला. पंतप्रधानांचे अभिनंदन, कार्यक्रमाला मनःपूर्वक पाठिंबा वगैरे. सही करा असे कोणी म्हटले नाही. शिपाई फक्त कागद पुढे धरून उभा राहिला. त्याच्या आधी आठवडाभर आमच्यातला एक जण कामावर येत नव्हता आणि तो कुठे आहे, हे कोणी मोठ्याने विचारत नव्हते. माझ्या वर बावीस सह्या होत्या. मी तेविसावी केली, आणि ती नेहमीपेक्षा सुवाच्य केली, हे मला आजही आठवते. घरी येऊन मी हे सौ.ना सांगितले नाही. सांगितले ते झुरिकला, त्या प्रदर्शनाच्या बाहेर बाकावर बसून, अडतीस वर्षांनी. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. तुम्ही त्या दिवशी जेवला नव्हता." आपल्याकडे तो प्रकार एकवीस महिन्यांनी मतपेटीतून संपला. चीनमधल्या कामगाराला ती सोय नव्हती, आणि त्याला जी भीती होती तिच्या पासंगालाही माझी पुरत नव्हती. म्हणून त्याला नावे ठेवताना माझी जीभ अडखळते.

चीनमधले आंब्याचे वेड दीडेक वर्षात ओसरले. पुढे वीज गेली, की कित्येकांनी ते मेणाचे आंबे मेणबत्तीसारखे जाळले, असे सांगतात. माओच्या पत्नीने, चिआंग चिंगने, १९७४ मध्ये फिलिपीन्सच्या इमेल्दा मार्कोसने आणलेल्या आंब्यांच्या निमित्ताने तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला, पण फोडणी बसली नाही. १९७६ मध्ये आंब्यावर एक चित्रपट निघाला. त्याच सालच्या सप्टेंबरात माओ वारला, महिन्याभरात चिआंग चिंग तुरुंगात गेली आणि चित्रपट डब्यात गेला. लिउ शाओ-ची यांचा शेवट त्याआधीच, १९६९ च्या नोव्हेंबरात, औषधपाण्यावाचून एका बंद घरात झाला होता, आणि राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या या माणसाची दहनाच्या नोंदीत दुसऱ्याच नावाने भर पडली. भक्तिमार्गाचा आद्य पुजारी लिन पिआओ १९७१ च्या सप्टेंबरात विमानातून पळताना मंगोलियात कोसळून मेला, आणि सरकारने तो द्रोही असल्याचे सांगितले. आता पाहा पंचाईत! लाल पुस्तकाची प्रस्तावना त्याचीच. मग कोट्यवधी लोकांनी ज्या पुस्तकाला पाय लागला तर थरथर कापावे, त्याच पुस्तकाची पहिली पाने स्वतःच्या हातांनी फाडून टाकली. पुस्तक पवित्रच राहिले.

कित्येकांना म्हणे या फाडाफाडीच्या वेळी पहिल्यांदा शंका आली. ज्याने देव दाखवला, तोच चोर निघाला, तर देवाचे काय?

आमच्या पिढीला चीन प्रथम दिसला तो सोलापूरच्या डॉ. कोटणीसांमुळे आणि शांतारामबापूंनी त्यांच्यावर काढलेल्या १९४६ च्या चित्रपटामुळे. दुसऱ्यांदा दिसला तो १९६२ मध्ये, बंदुकीच्या नळीमागून. पहिल्या वेळी आम्हाला तिथे सगळी माणसे देवमाणसे दिसली आणि दुसऱ्या वेळी सगळी राक्षस. मधली माणसे, म्हणजे गिरणीत रांग लावून चमचाभर पाणी पिणारी, ती मला दिसली त्या दिवशी झुरिकला.

संध्याकाळी परतताना जावईबापू वाटेत एका दुकानात शिरले. हापूसचे दिवस सरले होते आणि होता तोही परवडणारा नव्हता. ते एक खोके घेऊन आले. वर उर्दूत काहीतरी लिहिले होते. पाकिस्तानी आंबे! आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि हसलो. घरी सौ.नी विळी नाही म्हणून कुरकुर करत सुरीने फोडी केल्या. देठापाशी नाक नेले, एक फोड तोंडात टाकली. जरा वेळाने म्हणाल्या, "गोड आहे. वास नाही." मग कोय चोखून चोखून पांढरी केली. कोपरापर्यंत ओघळ गेला होता.

हा लेख खरे म्हणजे इथेच संपायचा. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, आम्ही पुण्यास परतल्यावर, वर्तमानपत्रात चीनची एक बातमी वाचली. अनहुई प्रांतातील एका गृहस्थाने, साठीला टेकलेल्या, जाहीर कबुली दिली होती. १९७० च्या फेब्रुवारीत तो सोळा वर्षांचा होता. घरात बोलणे चालले असता आई म्हणाली की, माओची ही व्यक्तिपूजा चुकीची आहे, लिउ शाओ-ची यांच्यावर अन्याय झाला आहे. मुलाने तिला थांबवायचा प्रयत्न केला, ती थांबली नाही. घरातली माओची तसबीर तिने जाळली. मुलाने आणि वडिलांनी, नवऱ्याने, तिच्याविरुद्ध तक्रार केली. मुलाच्या पत्रात, तिला गोळ्या घाला, असेही होते. लोक आले, तिला मारत बांधून घेऊन गेले. दोन महिन्यांनी, एप्रिलमध्ये, तिला खरोखरच गोळ्या घातल्या. मुलाचे कौतुक झाले. त्याच्या निष्ठेची चित्रे प्रदर्शनात मांडली गेली. १९८० मध्ये न्यायालयाने ती बाई निर्दोष असल्याचा निकाल दिला. मुलगा पुढे वकील झाला. आता तो आईच्या थडग्यापाशी जाऊन गुडघे टेकून रडतो, आणि ते थडगे सरकारने जपून ठेवावे म्हणून खेटे घालतो.

मी हे मोठ्याने वाचून दाखवले. सौ. स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होत्या. लाटणे थांबले. मला वाटले, त्या मुलाला काहीतरी बोलतील. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग तिथूनच विचारले, "अहो, ते तिला घेऊन गेले, त्या रात्री त्या पोराला जेवायला कोणी वाढलं असेल हो?"